छप्पर कोणावर कोसळते?

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडाऱ्याजवळील जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत प्रचंड स्फोट झाला. ज्या इमारतीत तो झाला तिचे छत आत काम करणाऱ्या कामगारांवर कोसळले. ढिगारा उपसण्यासाठी यंत्रे आणावी लागली आणि अखेर आठ कामगार गेल्याचे जाहीर झाले. त्याआधी, १७ डिसेंबर २०२३ च्या रविवारी, नागपूर–अमरावती मार्गावरील बाजारगाव येथे सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात नऊ कामगार मेले होते. त्यांत सहा स्त्रिया होत्या. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन त्या वेळी नागपुरातच चालू होते. पुढे १३ जून २०२४ रोजी धामणा येथील स्फोटकांच्या कारखान्यात किमान सहा बळी गेले, त्यांतही स्त्रियाच अधिक. जवाहरनगरची राख निवते न निवते तोच, १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, काटोलच्या परिसरातील एका कारखान्यात आणखी दोघे गेले. सव्वा वर्षाच्या आत नागपूरच्या आसमंतातील ही चार ठिकाणे!

प्रत्येक प्रसंगानंतरचा विधी आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. मंत्री येतात, सांत्वन करतात, वारसांना इतके लाख जाहीर होतात, चौकशीचा हुकूम सुटतो, आणि चार दिवसांत कोठून तरी "मानवी चूक" हा शब्द बाहेर पडतो. हा मानव म्हणजे बहुधा मेलेलाच असतो, त्यामुळे त्याला खुलासा करता येत नाही. ठिणगी कशी पडली, घर्षण कोठे झाले, नियम कोणी मोडला, याची चर्चा होते. परंतु ज्या इमारतीत ते घडले ती इमारत कशी होती, तिच्या भिंती कोणत्या बाजूला फुटायच्या होत्या, तिचे छप्पर उडून जाणारे होते की माणसांवर बसणारे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ठिणगी नेमकी कधी पडेल हे कोणाला सांगता येत नाही. पण पडल्यावर इमारत कशी वागेल हे मात्र ती बांधण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असते. म्हणून दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक राजकीय आहे.

लोखंडी सळया घालून ओतलेल्या काँक्रीटचा सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि त्यांवरचा स्लॅब, हा आज शहरापासून तालुक्यापर्यंत सर्वत्र बांधला जातो. हा सांगाडा गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यासाठी रचलेला असतो. वजन वरून खाली येते, हे त्याचे एकमेव गृहीतकृत्य. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून जेथे ताण पडणार तेथे सळई घालायची, हे साधे तत्त्व. स्लॅब खाली झुकतो तेव्हा त्याच्या मध्यभागी तळाला ताण पडतो, म्हणून तेथे सळया तळाशी असतात. तुळईवर टेकतो तेथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तेथे त्या वर असतात. कोणताही सेंट्रिंगवाला मिस्त्री हे सांगेल.

स्फोट हे गृहीतकृत्य उलटेपालटे करतो. खोलीच्या आत दाब निर्माण झाला की तो स्लॅबला खालून वर ढकलतो. साध्या घराचा बारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो वजनाचा असतो, आणि त्यावर राहत्या घरासाठी आणखी दोनशे किलो भार धरलेला असतो. वातावरणाचा दाब चौरस मीटरला सुमारे दहा टन. म्हणजे त्या दाबाच्या तिसाव्या हिश्श्याइतका जरी जास्तीचा दाब खालून आला, तरी स्लॅबचे स्वतःचे वजन हिशेबातून उडाले. स्फोटाचा दाब याच्या कित्येक पट असतो. मध्यभागी वरच्या अंगाला ताण पडतो आणि तेथे तर सळईच नसते. स्लॅब वर फुगतो, तडकतो, तुळयांपासून सुटतो, आणि दाब ओसरताच तुकड्यातुकड्यांनी खाली येतो. हे सगळे डोळे मिटून उघडण्याच्या आत घडते; स्फोटाच्या लाटेचा मुख्य जोर काही हजारांश सेकंदच टिकतो.

भूकंपाशी याची तुलना उपयोगी पडेल, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीनंतर महाराष्ट्रातील सामान्य वाचकालाही भूकंपाची भाषा थोडीफार कळू लागली. भूकंप पायाला धरून साऱ्या इमारतीला हलवतो, आणि त्याचे हेलकावे कित्येक सेकंद चालतात. स्फोट एखाद्या खांबाला, एखाद्या भिंतीला गाठतो. बाकीच्या सांगाड्याला काय झाले हे कळण्यापूर्वी तो खांब गेलेला असतो. भूकंपात इमारतीचे वजन वैरी ठरते. बाहेरून येणाऱ्या स्फोटापुढे मात्र तेच वजन काही अंशी मित्र असते, कारण जड वस्तूला हलायला वेळ लागतो आणि तोपर्यंत लाट निघून गेलेली असते. लाट भिंतीवर समोरून आदळून परतते तेव्हा दाब निदान दुप्पट होतो. जोरदार लाटेत तो आठपट किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. अशा आकस्मिक भाराखाली काँक्रीट व पोलाद नेहमीपेक्षा थोडी जास्त ताकद दाखवतात खरे. परंतु खांबाभोवतीच्या रिंगा विरळ असतील तर तो वाकण्याची संधीच घेत नाही, कापल्यासारखा तुटतो.

या बाबतीत मुंबई आणि ओक्लाहोमा येथील दोन इमारती शेजारी ठेवून पाहाव्यात. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईच्या शेअर बाजाराच्या तळघरातील वाहनतळात बॉम्बचा स्फोट झाला. माणसे मोठ्या संख्येने मेली, आसपासच्या कचेऱ्या उद्ध्वस्त झाल्या. पण वरचा बहुमजली मनोरा उभा राहिला. १९ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातील मरा या सरकारी इमारतीसमोर ट्रकमधील स्फोटके उडाली. ही इमारतही प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याचीच. रस्त्याच्या बाजूला प्रवेशद्वार मोकळे दिसावे म्हणून तेथे तळमजल्यावरचे खांब निम्मे ठेवले होते, आणि वरच्या मजल्यांचे खांब तिसऱ्या मजल्याच्या एका भारी तुळईवर पेलले होते. स्फोटाने खालचे तीन खांब गेले. त्यांच्यामागून तुळई गेली, तुळईमागून तिच्यावरचे सगळे मजले आले. १६८ माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक स्फोटाच्या लाटेने मेली नाहीत, कोसळलेल्या मजल्यांखाली मेली. १९९६ साली तेथील सरकारी यंत्रणेच्या व अभियंत्यांच्या पाहणीत असे आढळले की, तीव्र भूकंपाच्या प्रदेशात सळयांची जशी बांधणी करतात तशी येथे केली असती तर कोसळलेला भाग बराच कमी झाला असता. त्या जादा सळईचा खर्च इमारतीच्या मानाने किरकोळ होता. नागपूर हे दीर्घकाळ भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणले गेले आणि म्हणून येथील बांधकामात अशा बांधणीची सक्ती नव्हती. एक खांब गेला तर उरलेल्यांनी भार वाटून घ्यावा, हा सांगाड्याचा समाजवाद म्हणावा काय? येथील ठेकेदारांना तो अजून पटलेला दिसत नाही.

येथवरची चर्चा राहत्या आणि कचेऱ्यांच्या इमारतींची झाली. तेथे सूत्र सरळ आहे: काही फुटो, सांगाडा उभा राहिला पाहिजे. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात हे सूत्र बदलते. तेथे स्फोट आतच होण्याची शक्यता असते. बंद खोलीत पहिल्या लाटेमागून तापलेल्या वायूचा दाब येतो, आणि त्याला वाट मिळेपर्यंत तो कोंडलेलाच राहतो. म्हणून अशा कामाच्या इमारतीचा एखादा भाग मुद्दाम दुबळा ठेवायचा, छप्पर हलके ठेवायचे, म्हणजे ते उडून जाईल आणि दाबाला वाट मिळेल. बाकीच्या बाजूंना जाड भिंती अथवा मातीचे उंच बांध घालायचे, म्हणजे शेजारची इमारत पेटणार नाही. मजबूत स्लॅब घालून अशी खोली बंद केली तर स्लॅब दाब कोंडतो आणि मग स्वतःच शस्त्र होऊन खाली येतो.

हे ज्ञान नवीन नाही. १८०२ साली द्यू पाँ याने अमेरिकेत ब्रँडीवाइन नदीच्या काठी बंदुकीच्या दारूच्या गिरण्या घातल्या तेव्हा प्रत्येक गिरणीच्या तीन भिंती जाड दगडी बांधल्या. नदीकडची चौथी बाजू आणि छप्पर मात्र हलके ठेवले. स्फोट झाला की तो नदीकडे निघून जावा. दगडी भिंती टिकायच्या आणि गिरणी पुन्हा सुरू व्हायची. तेथील कामगारांत मेलेल्या सोबत्याविषयी "तो ओढ्यापलीकडे गेला" असे म्हणण्याची रीत पडली. त्या योजनेने शेजारची गिरणी वाचली, साठा वाचला, मालकाचे भांडवल वाचले. कामगार मात्र उडून जाणाऱ्या बाजूलाच उभा होता.

दोन शतकांनंतरही सुरक्षिततेच्या तक्त्यांचा बराचसा भर याच विचारावर आहे. स्फोटकांचे वजन आणि अंतर यांचे नाते पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने मांडले: अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या शेडमध्ये आठपट माल ठेवला तर तितक्याच सुरक्षिततेसाठी दुप्पट अंतर लागते. उलट, अंतर निम्मे करायचे तर माल अष्टमांशावर आणावा लागतो. यावरून कारखान्याच्या हद्दीपर्यंत किती अंतर, रस्त्यापर्यंत किती, वस्तीपर्यंत किती, दोन शेडमध्ये किती, याचे हिशेब होतात. ते आवश्यकच आहेत, त्याबद्दल वाद नाही. जमिनीवर होणाऱ्या स्फोटाला तोंड देणाऱ्या इमारतींसाठी १९६८ साली भारतीय मानक संस्थेने आय.एस. ४९९१ ही संहिताही काढली. पण अंतराच्या या तक्त्यांत अंतर शून्य असलेला माणूस कोठे बसतो? ज्याच्या हातातच ते द्रव्य आहे, जो ते भरतो, तोलतो, खोक्यात घालतो, त्याच्यासाठी दारावर दोनच आकडे असतात: आत जास्तीत जास्त किती किलो माल आणि जास्तीत जास्त किती माणसे. दुसऱ्या आकड्याचा अर्थ नीट वाचला तर तो असा निघतो की, या शेडमध्ये एका वेळी इतकी माणसे गेली तर चालतील.

आता हा आकडा कोण पाळते? माल वेळेवर गेला पाहिजे, खाणींना स्फोटके हवीत, सैन्याला दारूगोळा हवा. विदर्भाच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि तो काढण्यासाठी सुरुंग लागतात. हा उद्योग नागपूरभोवती जमा होण्याचे ते एक उघड कारण. मागणी वाढली की शेड नवी बांधण्यापेक्षा जुन्या शेडमध्ये जास्त माल फिरवणे सोपे जाते. घनमुळाचा नियम मालकाला माहीत नसला तरी त्याचा फायदा घेण्याचा मोह त्याला होतोच: माल दुप्पट केला तरी हिशेबातले अंतर सव्वापटीनेच वाढते. आतल्या माणसाच्या दृष्टीने मात्र दुप्पट तो दुप्पटच.

आणि ही आतली माणसे कोण? बाजारगाव व धामणा येथील मृतांच्या याद्या हे उत्तर देतात: आसपासच्या खेड्यांतल्या स्त्रिया. स्फोटके भरण्याच्या आणि बांधण्याच्या हातकामाला, जे हात नाजूक आणि मजुरी स्वस्त, तेच लागतात. पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी निकामी दारूगोळा नष्ट करताना सहा माणसे मेली, तेव्हाही त्यांत कंत्राटी मजूर होते. मालकी खाजगी असो वा सरकारी, या बाबतीत फार फरक पडला असे दिसत नाही. जवाहरनगरचा कारखाना १९६४ पासूनचा, सरकारी. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. पाटी बदलली, मालक तोच राहिला, आणि छप्पर तरीही कोसळलेच. सार्वजनिक क्षेत्राचे समर्थन करणाऱ्यांनी ही गोष्ट स्वतःच्या मनाशी आधी तपासून पाहिली पाहिजे. तेथील कामगारही सुरक्षित नसेल तर खाजगी मालकाला दोष देण्याचा अधिकार कमकुवत होतो.

कारखानदारांच्या बाजूने एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. जो माणूस द्रव्यापासून हातभर अंतरावर आहे तो कोणत्याही छपराखाली वाचणार नाही. मग छप्पर हलके की जड या वादाला अर्थ काय? पहिले वाक्य खरे आहे. परंतु स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडच्या खोलीत, जिन्याखाली जो माणूस असतो, त्याचे जगणे-मरणे दाबापेक्षा पडणाऱ्या वजनावरच बहुधा ठरते. आणि ज्याला वाचवता येणारच नाही त्याच्याविषयी तर आक्षेपातूनच उत्तर निघते: त्याला तेथे ठेवू नये. सर्वांत धोक्याची कामे जाड काँक्रीटच्या, एका बाजूने उघड्या कोठडीत यंत्राने करावीत आणि माणूस बांधापलीकडून ती चालवील, हे तंत्र जगात कित्येक दशके वापरात आहे. तेथे जड काँक्रीट योग्यच, कारण आत माणूस नाही. जेथे यंत्र परवडत नाही असे सांगितले जाते, तेथे स्त्रीची मजुरी परवडते, एवढाच त्याचा अर्थ होतो.

नागपूरला या विषयाचे अज्ञान आहे असे म्हणण्याची सोय नाही. देशभरातील स्फोटकांच्या कारखान्यांना परवाने देणाऱ्या केंद्रीय स्फोटक खात्याचे मुख्यालय याच शहरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय येथे १९५७ पासून आहे. विश्वेश्वरय्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून येथे स्थापत्यशास्त्र शिकवत आहे. म्हणजे परवाना देणारा, आग विझवायला शिकवणारा आणि काँक्रीटचा सांगाडा आखायला शिकवणारा, हे तिघेही एकाच शहरात नांदतात, आणि बाजारगाव तेथून मोटारीने तासाभराच्या आत येते. या तिघांनी मिळून एका तरी कोसळलेल्या इमारतीचा अभ्यास करून तो मराठीत, कामगाराला वाचता येईल असा, छापावा, ही अपेक्षा फार मोठी आहे काय? कोसळलेली इमारत हे अभियंत्याचे उत्तम पुस्तक असते. कोणता खांब कोठे तुटला, रिंगा उघडल्या की टिकल्या, छताचे तुकडे किती दूर गेले, यावरून स्फोटाचा जोर आणि बांधकामाचा दोष हे दोन्ही मागाहून काढता येतात. येथे मात्र ढिगारा हलवला की पुस्तक मिटते, आणि अहवाल कपाटात जातो. सैनिकी गुपिताचे कारण जवाहरनगरला एक वेळ समजू शकते. खाणीला माल पुरवणाऱ्या खाजगी कारखान्याच्या छपरात कोणते राष्ट्रीय गुपित दडलेले असते?

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यात मालकाने धोक्याची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना द्यावी, सुरक्षा समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींइतकेच असावेत, आणि धोका दिसताच तो लक्षात आणून देण्याचा हक्क कामगारांना असावा, असे त्यात लिहिले गेले. कायदा कामगारांनी लढून मिळवला नव्हता, हजारो मृतांनी तो मिळवून दिला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने त्या कायद्याची जागा घेतली. जुन्या कलमांतले कोणते हक्क नव्या संहितेच्या नियमांत शाबूत राहतात आणि कोणते गळतात, यावर नागपूर, भंडारा व वर्धा जिल्ह्यांतील संघटनांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. आणि सुरक्षा समितीत बसणाऱ्या कामगार प्रतिनिधीला इमारतीचा नकाशा मागण्याचा व तो समजावून घेण्यासाठी बाहेरचा अभियंता नेमण्याचा अधिकार हवा, ही मागणी त्यांनी आताच पुढे केली पाहिजे.

त्यासाठी सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून करता येईल. शेडच्या दारावरील पाटीवर आज मालाची आणि माणसांची मर्यादा लिहिलेली असते. तिच्याखाली आणखी दोन ओळी घालाव्यात: या इमारतीची कोणती बाजू आणि कोणते छप्पर उडून जाण्यासाठी बांधले आहे, आणि ते तसे आहे की नाही हे शेवटी कोणत्या तारखेला, कोणत्या अभियंत्याने तपासले. आत जाणाऱ्या बाईला वाचता येत नसेल तर पर्यवेक्षकाने त्या तिला वाचून दाखवाव्यात, आणि दारातून आत पाऊल टाकायचे की नाही हे मग तिने ठरवावे.